तिथं आपलं कोणी आहे का?

सरकारी कचेरी असो, इस्पितळातली खाट असो की मंगल कार्यालयाची तारीख, आमच्या घरात कुठल्याही कामाची सुरुवात एकाच प्रश्नाने होते : "तिथं आपलं कोणी आहे का?" काम नियमात बसतं का, कागद कोणते लागतात, हे प्रश्न नंतरचे, आणि पहिल्याचं उत्तर 'हो' आलं तर ते कुणी विचारतही नाही. त्यामुळे माझ्या भाच्याने रात्री जेवताना जाहीर केलं, की त्याला लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, एक ओळ घालायची आहे, तेव्हा ताईने भात वाढता वाढता हाच प्रश्न टाकला.

"आहेत की," तो म्हणाला. "सगळ्यांची नावं दिलेली असतात."

आणि खरोखरच दिलेली असतात. कर्नलच्या कोडसोबत 'मेंटेनर्स' नावाची एक लांबलचक फाइल येते. कीबोर्ड कोण बघतं, ब्लूटूथ कोण बघतं, फ्लॉपी अजून कोण सांभाळतंय, सगळं नाव आणि ईमेलसकट. एवढ्यावर भागलं नाही तर 'गेट मेंटेनर' नावाची एक छोटी स्क्रिप्ट आहे. आपण केलेला बदल तिच्यापुढे धरायचा; तो कुणाकडे जायला हवा ते ती सांगते. आमच्या वडिलांची हयात अशी माहिती काढण्यात गेली, आणि ती मिळाल्यावर 'साहेब रजेवर आहेत' एवढंच कळायचं.

ओळ कसली, तर मोडेमची. आम्ही नायगाव पूर्वेला राहतो. इथे पाण्याचा विषय निघाला की टँकरचा निघतो, आणि टँकर कधी आला, टाकीत किती चढलं, यावरून सोसायटीत जेवढं बोललं जातं तेवढं देशाच्या अर्थसंकल्पावरही बोललं जात नसेल. भाच्याने पंपाच्या खोलीत एक रास्पबेरी पाय, म्हणजे लिनक्सवर चालणारा छोटा संगणक, बसवला. टाकीतली पातळी त्याने मोजायची आणि सगळ्यांच्या फोनवर कळवायची. खाली वायफाय पोचत नाही, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून फोर-जीची एक काडी आणली, म्हणजे ज्याला लोक डोंगल म्हणतात ती. शेजाऱ्यांच्या विंडोज लॅपटॉपमध्ये ती लगेच चालली. लिनक्समध्ये खोचली, तर दिवा लागला आणि पुढे काही नाही.

या काड्यांचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा. त्यांतल्या पुष्कळजणी खोचल्या खोचल्या आपण मोडेम आहोत हे कबूलच करत नाहीत. मी सीडी आहे, म्हणतात. त्या नसलेल्या सीडीवर विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो, म्हणजे गिऱ्हाइकाला वेगळी तबकडी द्यायला नको. लिनक्सवर 'यूएसबी मोडस्विच' नावाचं एक साधन ती सीडी बाहेर काढल्याचा बहाणा करतं, तेव्हा कुठे काडी सोंग टाकते आणि आपले खरे दोन आकडे सांगते : बनवणारी कंपनी कोणती आणि माल कुठला. हे आकडे ड्रायव्हरच्या यादीत सापडले तर कामाला सुरुवात. नसले, तर ड्रायव्हर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

ही यादी ज्या ड्रायव्हरमध्ये असते त्याचं नाव 'ऑप्शन'. मॅथियस उर्लिक्स या जर्मन प्रोग्रॅमरने तो २००५ मध्ये लिहिला, कारण साध्या सिरियल पोर्टचा ड्रायव्हर जीएसएम मोडेमला पुरा पडेना. वाटेत माहिती सांडत होती. ऑप्शन ही तेव्हा मोडेमची कार्डं बनवणारी कंपनी, आणि तिचीच कार्डं जास्त वापरात, म्हणून ड्रायव्हरलाही तेच नाव चिकटलं. पुढे ह्वावे आली, झेडटीई आली, क्वेक्टेल, सिमकॉम आणि इतर कोण कोण आले. आज ती फाइल दोन हजारांहून जास्त ओळींची आहे आणि तिचा बराचसा भाग म्हणजे नुसती हजेरी. भाच्याला त्या हजेरीत एक ओळ वाढवायची होती.

तात्पुरता उपाय त्याला माहीत होता. मशीन चालू असताना एका ठरावीक जागी ते दोन आकडे लिहिले, की ड्रायव्हर तेवढ्यापुरता काडीला आपली म्हणतो. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं की विसरतो. पावसाळ्यात वीज जाते-येते, म्हणून त्याने ते आकडे आपोआप लिहिले जातील अशी सोयही केली.

"मग चालतंय ना?" ताई म्हणाली.

"चालतंय."

"मग?"

या 'मग?'ला उत्तर देणं कठीण. 'चालतंय' हे आपल्याकडे काम पुरं झाल्याचं शेवटचं प्रमाणपत्र. त्याच्या वर कुठली पदवी नाही. भाचा म्हणाला, "मामाला विचार, विनमोडेम म्हणजे काय."

मला विचारावं लागत नाही, मी आपणहून सांगतो. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि पुढची काही वर्षं आमच्या पिढीने मोडेमच्या किंकाळ्या ऐकत काढली. बाहेरून जोडायचा मोडेम उत्तम, पण महाग. म्हणून सगळे पेटीच्या आत बसणारं स्वस्त कार्ड घ्यायचे. ते स्वस्त का, तर त्यात मोडेम फारसा नसायचाच. आवाजातून माहिती वेगळी काढायचं कष्टाचं काम कंपनीने संगणकाच्या प्रोसेसरवर ढकललेलं, आणि ते करून घेणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं; हाच विनमोडेम. पीसीक्वेस्ट मासिकासोबत आलेल्या सीडीवरून हौसेने लिनक्स घालणारे लोक सगळं जिंकत जिंकत यायचे आणि या कार्डापुढे हात टेकायचे. काही कंपन्यांनी लिनक्ससाठी ड्रायव्हर दिलेही, पण आत काय आहे ते न दाखवता. ते एका कर्नलवर चालत. कर्नल बदललं की पुन्हा सगळा खटाटोप. कंपनीचा रस संपला की ड्रायव्हर संपला, आणि पाठोपाठ कार्डही, अगदी धडधाकट असताना.

कर्नलवाले आतली रचना हवी तेव्हा बदलतात आणि त्याची त्यांना जराही खंत नाही. आम्ही असं का वागतो, याचा खुलासा कर्नलच्या बड्या मेंटेनरांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन, यांनी लिहूनच ठेवला आहे, आणि तो कर्नलच्या कागदपत्रांत आहे. व्यवहार सरळ आहे : तुमचा ड्रायव्हर कर्नलच्या आत असेल, तर जो रचना बदलेल त्यानेच तुमचाही कोड दुरुस्त करून द्यायचा. बाहेर असाल, तर तुमचं तुम्ही बघा. एकदा आत शिरलेली ओळ म्हणूनच मोलाची. ती मग नायगावच्या पंपाच्या खोलीतही चालते आणि जगात ज्या कुणाकडे तशीच काडी असेल त्याच्याकडेही, त्याने भाच्याचं नाव न ऐकता.

बाकी मोडेम या प्राण्याचा एक गुण मला फार आवडतो. 'एटी' म्हटलं की 'ओके' म्हणायचं, ही १९८१ सालच्या हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमची रीत. भाच्याच्या फोर-जी काडीला 'एटी' म्हटलं तर तीही 'ओके' म्हणते. मधल्या चाळीसेक वर्षांत मोडेमचं सगळं बदललं, ही नम्रता तेवढी राहिली.

ओळीसोबत पाठवायच्या पत्राचा मसुदा ताईच्या डोक्यात तयार होता : आदरणीय महोदय, मी नायगाव, तालुका वसई येथील रहिवासी असून... तसदीबद्दल क्षमस्व. यातलं काहीच लागत नाही. विषयाच्या ओळीत आधी यूएसबी, मग सिरियल, मग ऑप्शन, मग काय घातलं ते. त्याखाली का घातलं ते, आणि तेही आज्ञार्थी क्रियापदात : हे घाल, ते काढ.

"मोठ्या माणसांना आज्ञार्थात लिहायचं?"

"माणसांना नाही गं आई, कोडला."

हा चार ओळींचा मजकूर त्याने ऑफिसातून येता-जाता गाडीत उभ्याने लिहिला. भाईंदर सोडलं की खाडीच्या पुलावर वारा चांगला लागतो आणि नेटवर्क जातं, त्यामुळे लक्ष विचलित होत नाही. पण लिहिण्यापेक्षा पाठवणं अवघड निघालं. जोडपत्र चालत नाही. कोड मेलच्या अंगातच हवा. रंगीबेरंगी मेल चालत नाही. साधी अक्षरं हवीत. जीमेलचं ब्राउझरमधलं रूप पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवायला निरुपयोगी आहे, असं कर्नलच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेलं आहे, कारण ते टॅबच्या जागी स्पेस घालतं आणि लांब ओळी आपल्या मनाने मोडतं. ऑफिसच्या मेलवरून पाठवावं, तर त्याखाली 'हा मजकूर गोपनीय असून' अशी शेपटी आपोआप येते. सगळ्या जगाने वाचावं म्हणून पाठवलेला कोड, आणि खाली तो वाचू नका अशी ताकीद. ग्रेगसारखी मंडळी अशा मेलला, हे आम्हाला स्वीकारता येत नाही, असं उत्तर धाडतात. शेवटी कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या 'गिट'मधूनच थेट मेल पाठवायची जी सोय असते, तिने ते गेलं.

उत्तर आलं. त्यात कौतुक नव्हतं, कामं होती. काडीच्या आत कोणकोणते पोर्ट आहेत त्यांची पूर्ण यादी दे. कुठला कशासाठी ते लिही. नेटवर्कचा पोर्ट या ड्रायव्हरला देऊ नकोस. ओळ यादीत क्रमाने लाव. आणि ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा राहिली आहे.

यातली पोर्टांची गोष्ट महत्त्वाची आहे. बाहेरून एक दिसणाऱ्या काडीत चार-पाच उपकरणं असतात. एक 'एटी'ला 'ओके' म्हणणारं, एक कारखान्यात तपासणीसाठी ठेवलेलं, एखादं जीपीएसचं, आणि एक खरंखुरं नेटवर्कचं, जे दुसऱ्याच ड्रायव्हरच्या वाट्याचं. त्याचं नाव 'क्यूएमआय डब्ल्यूवॅन'. नॉर्वेच्या ब्यर्न मोर्क यांचा हा ड्रायव्हर २०१२ मध्ये कर्नलमध्ये आला. ऑप्शनने हावरटपणा करून सगळेच पोर्ट ताब्यात घेतले, तर नेटवर्कवाल्याला काहीच उरत नाही. म्हणून अमुक क्रमांकाचा पोर्ट राखीव, असं त्याच ओळीत लिहायचं. भाच्याने हे केलं नव्हतं. त्याचं चालत होतं, कारण त्याने जुन्या पद्धतीने जोडणी केली होती.

घरच्यांना यातलं काही लागलं नाही. लागली ती रिकामी जागा. "दिसत नाही, बोचत नाही, तरी काढ म्हणतो?" ताई खवळली. "याला दुसरी कामं नाहीत का?" वास्तविक चेकपॅच नावाची एक स्क्रिप्ट अशा गोष्टी आधीच पकडते. टॅब आठ अक्षरांचाच हवा; ओळ ऐंशी अक्षरांत बसवा, असा दंडक होता, त्यात २०२० मध्ये शंभरपर्यंत सूट मिळाली; आणि तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत शिरावं लागत असेल तर तुमचा प्रोग्रॅमच दुरुस्त करा, असं त्यांच्या शैलीपुस्तिकेत लिहिलं आहे. भाच्याने ती स्क्रिप्ट चालवलीही होती. मग जाता जाता फाइलला शेवटचा हात फिरवला. शेवटचा हात म्हणजे काय, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

त्या दिवशी जूचंद्रचे एक रांगोळी कलाकार आमच्याकडे आले होते. नायगाव पूर्वेचं हे गाव रांगोळीसाठी नावाजलेलं. तिथले लोक जमिनीवर माणसाचा चेहरा असा उतरवतात, की बघणाऱ्याचा पाय उंबऱ्यातच अडतो. त्यांनी सगळी हकिगत चहा पिता पिता ऐकली आणि ताईची बाजू घ्यायचं सोडून भलतंच बोलले. "पापणीत एक चिमूट जास्त पडली तर डोळा तिरका होतो. लोकांना कळतं काहीतरी चुकलंय, पण काय ते कुणी सांगत नाही. छान छान म्हणतात, फोटो काढतात आणि जातात. यानं बोट ठेवून दाखवलं की!" ताईने त्यांना दुसरा चहा विचारला नाही.

पण तिचा मूळ प्रश्न सुटलेला नव्हता. आपलं म्हणजे आपलं, जर्मनी-नॉर्वेचं नव्हे. भाच्याने वैतागून कर्नलची एक फाइल उघडली आणि माथ्यावरच्या कॉपीराइटच्या ओळी तिला दाखवल्या. त्यांत होतं, अमित एस. काळे.

"काळे? कुठले काळे?"

"पुण्याचे."

ताईचा चेहरा उजळला. काळ्यांची गोष्ट मात्र अशी आहे. चालत्या कर्नलमधली चूक दुसऱ्या यंत्रावरून शोधता यावी, यासाठी केजीडीबी नावाचं साधन आहे. त्याच्या मुख्य फाइलच्या वर २०००-०१ सालासमोर व्हेरिटास कंपनीचं नाव आहे, आणि २००३-०४ समोर काळे यांचं. ईमेल लिनसिससॉफ्ट या पुण्याच्या कंपनीचा. अडचण एकच होती. साक्षात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना डीबगर हा प्रकारच नापसंत होता, आणि २००० सालीच त्यांनी ते लिहून टाकलं होतं. त्यांचं म्हणणं, शोधण्याची सोय झाली की लोक विचार करायचं टाळतात. त्यामुळे केजीडीबी वर्षानुवर्षं कर्नलच्या दाराबाहेर राहिलं. प्रत्येक नव्या आवृत्तीशी ते पुन्हा जुळवायचं, वापरणाऱ्यांना द्यायचं, आणि थांबायचं. पुढे इतरांचे हात लागले, बरंच छाटलं गेलं, आणि विंड रिव्हरच्या जेसन वेसल यांनी चिकाटी धरून २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत ते आत नेलं. दरम्यान काळ्यांनी नेटक्सेन कंपनीच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर पाठवला होता, तो २.६.२० मध्ये, म्हणजे २००७ च्या सुरुवातीलाच, आत जाऊन बसला. एकाच माणसाचं एक काम पटकन होतं आणि दुसरं आठ वर्षं उन्हात उभं राहतं. माणूस तोच, ओळखी त्याच.

ताईने सगळं ऐकलं आणि काळ्यांना यादीतून वगळलं. "त्यांनाच एवढी वर्षं लागली, ते याचं काय करणार?"

मोठ्या नावांचीही तीच कथा. मीडियाटेकच्या फाइव्ह-जी मोडेमचा 'टी-सेव्हन-एक्स-एक्स' हा ड्रायव्हर पाठवणाऱ्यांत इंटेलचे लोक होते. तरी आवृत्तीमागून आवृत्ती काढावी लागली, तेव्हा २०२२ मध्ये ५.१९ मध्ये त्याला जागा मिळाली. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्दाम सदोष पॅच पाठवून कर्नलवाल्यांचं लक्ष असतं का ते तपासलं, तेव्हा २०२१ मध्ये ग्रेग यांनी सबंध विद्यापीठालाच मनाई केली. आपल्याकडे विद्यापीठाचं पत्र म्हटलं की शिपाईसुद्धा उठून उभा राहतो.

"ओरडतात का रे?" ताईने मध्येच विचारलं. ओरडायचे. टोरवाल्ड्स पूर्वी असे मेल लिहीत, की वाचणाऱ्याने राजीनामाच द्यावा. २०१८ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली, काही दिवस सुट्टी घेतली आणि परत आले. आता पुष्कळ सौम्य झालेत, असं म्हणतात.

मग सहीचा प्रसंग आला. पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' असं लिहून आपलं नाव घालावं लागतं. ही प्रथा २००४ ची. त्याआधीच्या वर्षी एससीओ नावाच्या कंपनीने, आमचा कोड लिनक्समध्ये घुसवला, म्हणून आयबीएमवर दावा लावला होता. त्यानंतर ठरलं, की हा कोड द्यायचा मला हक्क आहे, हे प्रत्येकाने आपल्या नावानिशी सांगायचं. 'सही' हा शब्द कानावर पडताच ताईने गॅस बंद केला आणि बाहेर आली. आमच्या घरात न वाचता केलेल्या सहीचा इतिहास आहे, त्यात जात नाही. तिने भाच्याला ते प्रमाणपत्र मोठ्याने वाचायला लावलं, प्रत्येक कलमाचा अर्थ विचारला, आणि "जामीन राहायचं नाही ना यात कुणाला?" याची खात्री करून मगच परवानगी दिली. ते कागद इतक्या बारकाईने वाचणारी जगातली ती पहिलीच व्यक्ती असावी.

सुधारलेला पॅच गेला. तसं पाहिलं तर नवी भर घ्यायला कर्नलची खिडकी प्रत्येक आवृत्तीच्या सुरुवातीला दोनच आठवडे उघडी असते, पुढचे सात-आठ आठवडे फक्त दुरुस्त्या. पण अशा एका आकड्याच्या नोंदीला त्यातून सवलत आहे. ती कधीही घेतात, आणि जुन्या, स्थिर आवृत्त्यांमध्येही घालून देतात. यथावकाश दोन शब्दांचं उत्तर आलं : घेतला, आभार.

"एवढंच?" ताई म्हणाली.

एवढंच. पेढे आम्हीच आणले. भाच्याच्या सहीखाली आता मेंटेनरची सही होती, आणि ती ओळ मेंटेनरकडून ग्रेगकडे, ग्रेगकडून अमेरिकेत ओरेगनला टोरवाल्ड्स यांच्याकडे निघाली होती. सोसायटीच्या ग्रुपवर बातमी पडली. सेक्रेटरींनी शाल-श्रीफळ द्यायचा ठराव मांडला आणि खाली विचारलं, यातून मुलाला महिन्याला किती मिळतात? काही मिळत नाहीत म्हटल्यावर शालीवरची चर्चा पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाली. एका काकांनी, लिनक्स आपल्या रोजच्या उपयोगाचं नाही, असं मत अँड्रॉइड फोनवरून कळवलं; त्या फोनच्या पोटात तेच कर्नल आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. टाकीची पातळी मात्र फोनवर बिनबोभाट येत राहिली. टँकरवाल्याशी होणारी भांडणं आता आकड्यांवर होतात, आणि पहिल्यापेक्षा जास्त वेळ चालतात.

ते पाहून शेजारच्या सोसायटीनेही तसंच यंत्र मागितलं. भाचा पुन्हा लॅमिंग्टन रोडला गेला. दुकान तेच, खोकं तेच, वरचं मॉडेलचं नाव तेच. घरी येऊन लिनक्समध्ये खोचली. दिवा लागला आणि पुढे काही नाही. कंपनीने वरचा स्टिकर तसाच ठेवून आतली चिप बदलली होती, आणि चिपसोबत मालाचा आकडाही. असं सर्रास होतं. त्या दोन हजार ओळींच्या हजेरीत एकाच घरातल्या इतक्या नोंदी का, ते तेव्हा कळलं.

त्याने काही न बोलता लॅपटॉप उघडला. पोर्टांची यादी काढून मेलमध्ये चिकटवली, नेटवर्कचा पोर्ट राखीव ठेवला, ओळ क्रमाने लावली. पाठवणार एवढ्यात ताई चष्मा लावून मागे येऊन उभी राहिली.

"थांब. त्या ओळीच्या शेवटी जा बघू. अजून शेवटी. तिथे काय आहे?"